सल्ला हवाय: सोसायटीत १४० मीटर फायबर न्यायचंय, मीडिया कन्व्हर्टर कोणता घ्यावा?

भांडुपचा_सचिव
मंडळी, नमस्कार. सोसायटीचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) ए विंगच्या तळमजल्यावर ऑफिसात आहे. मागच्या गेटाला, पंपरूमच्या भिंतीवर सहा कॅमेरे बसलेत. तिथे आठ पोर्टांचा पीओई स्विच (नेटच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) आहे. केबल जाते त्या वाटेने मोजलं तर अंतर १४० मीटर. ठेकेदाराने सलग कॅट-६ (तांब्याची नेटची केबल) ओढून दिलीय. पोर्ट कधी १०० एमबीपीएसवर जुळतो, कधी १० वर, आणि पाऊस लागला की जुळतच नाही. तेव्हा फायबर टाकून दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलचा सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणारे डबे) लावावेत असं ठरतंय. कन्व्हर्टर कोणता, केबल कोणती, काय सांभाळायचं? बजेट ₹६,०००, केबल धरून. यापुढे एक रुपया मिळणार नाही असं कमिटीने मिनिट्समध्ये लिहून ठेवलंय.

केबलबाबा
कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. दोन्हीकडे एसएफपी पोर्टवाले (फायबरचं मॉड्यूल बसवायची खाच असलेले) मॅनेज्ड स्विच घ्या, त्यात १० किलोमीटरची, सिंगल मोड फायबरची एलएक्स मॉड्यूल टाका, विषय संपला. कन्व्हर्टर म्हणजे दोन ॲडॉप्टर जास्त, आणि मरतो तो आधी ॲडॉप्टरच. स्विचवर पोर्टचे एरर मोजता येतात, मॉड्यूलला सोय असेल तर येणारा प्रकाश किती ते डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीचं माप) दिसतं. कन्व्हर्टरच्या डब्याला नुसते दिवे.

चाळकरी
बाबा, त्यांनी ₹६,००० लिहिलेत. तुम्ही साठ हजार वाचलेत का?

केबलबाबा
नीट वाचलंय. सल्ला तोच.

तारेवरची_कसरत
आधी तांब्याचं बघू. १०० मीटरची मर्यादा म्हणजे ९० मीटर पक्की ओढलेली केबल आणि दोन्हीकडची मिळून १० मीटर पॅच कॉर्ड. त्यापुढे सिग्नल एकदम मरत नाही, कुथत चालतो, म्हणून तर ठेकेदारांचं फावतं. शिवाय ती केबल खरंच तांब्याची आहे का ते बघा. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. तिचा रोध जास्त, १४० मीटर तर सोडाच. आणि घरात वापरायची केबल उघड्यावर टाकली की उन्हात आवरण तडकतं, पावसात पाणी आत शिरतं.

फायबर सिंगल मोडच (बारीक गाभ्याची) घ्या. जाड गाभ्याच्या मल्टिमोडलाही हे अंतर जड नाही, ८५० नॅनोमीटरची एसएक्स जातीची गिगाबिट ५० मायक्रॉनच्या तंतूवर ५५० मीटर जाते. पण मुंबईत घराघरात फायबर ओढणाऱ्या पोरांच्या पेटीत पिगटेल (एका टोकाला कनेक्टर लावलेले तंतूचे तुकडे) असतात ते सिंगल मोडचे. उद्या रस्ता खणताना केबल तुटली तर जोडायला तेच येणार आहेत.

लॅमिंग्टन_रोडी
सिंगल मोडला +१. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा, लॅमिंग्टन रोडवर दहा दुकानांत मिळेल. पैसे द्यायच्या आधी डब्याखालचं लेबल वाचायचं. एका तंतूवर दोन्ही दिशा चालवणारी जात घेणार असाल तर एक डबा १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसऱ्याचं बरोबर उलटं. म्हणजे 'ए' आणि 'बी' अशी जोडी लागते. टीपी-लिंकचे एमसी१११सीएस आणि एमसी११२सीएस असे एकमेकांचे जोडीदार आहेत, १०/१०० एमबीपीएसचे. दुकानदार घाईत दोन्ही एकाच नंबरचे हातात ठेवतो. मग दोघंही एकाच रंगात बोलणार, ऐकणार कुणीच नाही.

दुसरं, दोन्ही डबे एकाच वेगाचे हवेत. तांब्याच्या बाजूला १०, १००, १००० आपोआप ठरतं. फायबरच्या बाजूला तसं नाही, एकीकडे १०० आणि दुसरीकडे १००० असेल तर दिवा लागत नाही. काही गिगाबिट डब्यांचा तांब्याचा पोर्टही फक्त १००० वरच चालतो. तुमचा पीओई स्विच १०० चा असेल तर तिथेच गाडी अडेल.

खारदांडा_वायरलेस
केबल कशाला? गच्चीवर ५ गिगाहर्ट्झचे दोन वायरलेस ब्रिज, समोरासमोर. १४० मीटरला पावसाने काही फरक पडत नाही, एवढ्या अंतरात पाऊस त्या लहरी खात नाही.

चाळकरी
पाऊस नाही खात. मधलं ओलं आंब्याचं झाड खातं. शिवाय भांडुपला प्रत्येक घरात ५ गिगाहर्ट्झचा राउटर, चॅनेल कुठून शोधणार?

खारदांडा_वायरलेस
झाड आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

भांडुपचा_सचिव
झाड आहे. आंब्याचंच आहे. 😅

मोफत_नेट
ऑफिसात इंटरनेटची फायबर आलीच आहे ना? तिचं हिरवं टोक कन्व्हर्टरमध्ये खुपसा, कंपनीचा डबा काढून टाका. एक डबा वाचला.

स्प्लायसिंगताई
अहो, हा सल्ला देऊ नका, लोक खरंच करून बघतात. घरातल्या इंटरनेटची फायबर जीपीओएन नावाच्या पद्धतीवर असते. एक तंतू स्प्लिटरने अनेक घरांत वाटलेला, खाली येताना १४९० नॅनोमीटर, वर जाताना १३१०, आणि कुणी कधी बोलायचं ते पलीकडचं यंत्र ठरवतं. तुमचा ओएनटी (कंपनीचा तो डबा) तिथे नोंदलेला असतो. मीडिया कन्व्हर्टर हा दोन टोकांमधला साधा दुभाषा, त्याला पाळी वगैरे कळत नाही. नेट लागणार नाहीच, वर तुमचा दिवा सतत पेटता राहून शेजाऱ्यांचंही बंद पडू शकतं.

हिरव्या टोकाचा विषय निघालाच आहे तर: हिरवं म्हणजे एपीसी, टोक ८ अंशात तिरकं घासलेलं. निळं म्हणजे यूपीसी, सपाट. कन्व्हर्टरचं तोंड जवळपास नेहमी निळं. हिरवं त्यात बसतं, पण दोन काचांमध्ये फट राहते. कमी अंतरावर दिवा लागतोही, म्हणून लोक फसतात, आणि मग लिंक येतजात राहते. पॅच कॉर्ड निळ्या एससी कनेक्टरच्याच घ्या.

केबल दोन तंतूंची टाका. एक चालू, एक राखीव. जी.६५७ जातीचा तंतू असेल तर कोपऱ्यात वळण सोसतो, ए१ ला १० मिलिमीटर त्रिज्या चालते. जुन्या जी.६५२ ला ३० धरा. आणि १४० ला १४० मागवू नका. चढउतार आणि दोन्हीकडे पाच-पाच मीटरची गुंडाळी धरून १७० तरी लागेल.

जोडणी फ्यूजन स्प्लायसिंगने (तंतू वितळवून जोडणं) करा, पिगटेल लावून. चिमट्याचे फास्ट कनेक्टर पंपरूमच्या दमट हवेत महिन्यागणिक क्षती (प्रकाशाची घट) वाढवत नेतात.

वडाळा_जंक्शन
केबल आर्मर्ड घ्या. पंपरूम म्हणजे घुशी. पोलादी पट्टी नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात कुरतडतील.

तारेवरची_कसरत
आणि वीज? दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं. आर्मर दोन्हीकडे रॅकला टेकवलात तर फायबर टाकून वाचवलं काय? काचेतून करंट जात नाही, पट्टीतून जातो.

वडाळा_जंक्शन
मग घुशींना अर्थिंग समजावा.

स्प्लायसिंगताई
दोघांचंही बरोबर आहे. आर्मर्ड घेतली तर पट्टी टोकापासून मागे कापायची, ऑफिसच्या एकाच टोकाला अर्थ करायची, पंपरूममध्ये कुठल्याही धातूला लागू द्यायची नाही. नाहीतर एफआरपी (तंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) दांडीची, धातू नसलेली केबल घ्या आणि २५ मिलिमीटरच्या जाड पाइपातून न्या, तोंडं फोमने बंद करा. चपटी ड्रॉप केबल जमिनीखालच्या पाइपात टाकू नका, पाइपात पाणी साचून राहतं आणि ती त्यासाठी नसते. कंपाउंडच्या भिंतीवरून नेली तर चालेल, पण मग पोलादी तार नसलेली बघा.

भांडुपचा_सचिव
धन्यवाद. भिंतीवरून पाइप आहेच. एक शंका: ऑफिसातूनच पीओई दिली तर फायबरमधून वीज पलीकडे जाईल का? आणि बजेट ₹६,०००च आहे, पुन्हा सांगतो.

केबलबाबा
काचेतून वीज जात नाही हो. म्हणूनच म्हणतोय, एसएफपीवाला पीओई स्विच.

लॅमिंग्टन_रोडी
पंपरूममध्ये स्विच आहेच ना, त्याला तिथली वीज पुरे. फक्त कन्व्हर्टर आणि स्विच दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर टाका. पंप चालू होताना व्होल्टेज खाली बसतं आणि कन्व्हर्टरचा स्वस्त ॲडॉप्टर तेवढ्यात रीस्टार्ट मारतो. तुम्ही केबलला शिव्या घालत बसाल. बदली ॲडॉप्टर आणताना डब्यावरचे व्होल्ट वाचा. काही ५ व्होल्टचे, काही ९ चे, पिन मात्र तीच.

स्प्लायसिंगताई
लावण्याचा क्रम लिहिते, कारण पुढचा प्रश्न तोच येणार.

केबल ओढण्याआधी दोन्ही डबे ऑफिसच्या टेबलावर एक-दोन मीटरच्या निळ्या पॅच कॉर्डने जोडा. दोन्हीकडे लॅपटॉप लावा. इथे फायबरचा दिवा लागला नाही तर जोडी चुकीची किंवा वेग वेगळा, केबलचा दोष नाही. हे न करता थेट भिंतीवर लावलं तर चूक कुठे आहे ते शोधायला दोन टोकांत धावत बसाल. दोन तंतूंचा डबा असेल तर एकाची पाठवणी दुसऱ्याच्या ग्रहणाला. दिवा नसेल तर एकाच टोकाच्या दोन पिना अदलाबदल करायच्या. दोन्ही टोकांच्या केल्यात तर परत जिथे होतात तिथेच.

डब्यावर एलएफपीचं (लिंक फॉल्ट पास-थ्रू) बटण असेल तर सुरुवातीला बंद. ते चालू असताना इकडची तांब्याची केबल काढली की फायबरचा दिवाही विझतो, आणि पलीकडचा माणूस फोनवर "फायबर तुटली" म्हणून ओरडतो. सगळं चालू झालं की मग चालू करा.

टोक लावण्याआधी दर वेळी पेनासारख्या क्लीनरने पुसा, नाहीतर ९९ टक्के आयसोप्रोपिल आणि धागे न सुटणारा कपडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थर बसतो. तंतूचा गाभा ९ मायक्रॉनचा, एक धुळीचा कण पुरतो. आणि टोकात डोळा घालू नका. १३१० दिसत नाही, दिसत नाही म्हणजे नाही असं नाही.

तुमच्या अंतराला क्षतीची काळजी नको. १५० मीटरला १३१० वर जेमतेम ०.०६ डीबी, दोन कनेक्टरचे अर्धा-अर्धा धरा, स्प्लाइस दोन, प्रत्येकी ०.१. बेरीज १.३ च्या आत. १० किलोमीटरच्या डब्याकडे सहज १० डीबी असतात. उलट ८० किलोमीटरचं मॉड्यूल स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका, एवढ्या जवळून ते समोरच्याचा ग्रहणाचा डायोड जाळू शकतं.

मुलुंड_चेकनाका
सिंगल मोडच घ्या. आणि 'ए' आणि 'बी' बघून घ्या.

चाळकरी
धागा वाचून प्रतिसाद द्यायचा असतो राव.

भांडुपचा_सचिव
घेतलं. गिगाबिट नाही घेतलं, १०/१०० ची जोडी घेतली. कॅमेरे सहा, प्रत्येक एच.२६५ वर (व्हिडिओ दाबायची पद्धत) ४ एमबीपीएसला बांधलेला, सब-स्ट्रीमचे (कमी दर्जाचं दुसरं चित्र) अर्धा-अर्धा, बेरीज २७. जुनं फुटेज एनव्हीआरजवळच बघतात, ते या तारेवरून जातच नाही. स्प्लायसिंगही नाही केलं. दोन तंतूंची, दोन्हीकडे निळी टोकं कारखान्यातच लावलेली, १७० मीटरची तयार केबल मिळाली. टोकांवरची टोपी न काढता पाइपातून आतल्या दांडीला दोरी बांधून ओढली. ₹६,००० च्या आत बसलं.

केबलबाबा
मग विचारलंत कशाला?

स्प्लायसिंगताई
२७ चा हिशेब बरोबर आहे. पण तयार केबल मधे तुटली तर शेवटी माझ्यासारखीलाच बोलवाल.

भांडुपचा_सचिव
ताई, एक अडलंय. दोन्हीकडे फायबरचा दिवा स्थिर आहे. पिंग (जोडणी तपासायचं छोटं पाकीट) लगेच येतो. पण सहाही कॅमेरे चालू केले की चित्र अडकतं, पिंगही गळतात. दुसरा तंतू लावून बघितला, टोकं पुसली, तसंच.

स्प्लायसिंगताई
दोन्ही तंतूंवर तसंच, म्हणजे काच निर्दोष. पंपरूमच्या डब्याचे डिप स्विच (सेटिंगच्या छोट्या खटक्या) हलवलेत का? तांब्याची बाजू १०० फुलवर बांधलीत आणि पीओई स्विच ऑटोवर असेल, तर स्विचला समोरून वाटाघाटीच मिळत नाहीत. वेग तो ओळखतो, पण हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने बोलणं) धरून बसतो. लहान पिंग जातात, भार आला की टक्कर. दोन्ही डब्यांची तांब्याची बाजू ऑटोवर करा, वीज काढून पुन्हा द्या, काही डबे डिप स्विच चालू होतानाच वाचतात. मग विंडोजवरून पिंगला १४७२ बाइट आणि तुकडे न करण्याची खूण लावून पाचशे वेळा सोडा.

भांडुपचा_सचिव
"फुल" म्हणजे फुल स्पीड असं समजून मीच सरकवला होता. ऑटोवर आणला. पाचशेपैकी पाचशे. आयपर्फला (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) ९४ एमबीपीएस येतात.

केबलबाबा
मॅनेज्ड स्विच असता तर एररच्या आकड्यावरून दोन मिनिटांत कळलं असतं.