थ्री-नॉट-थ्रीपासून एल९६ पर्यंत: नक्की बदललं काय?

सातारी_कॅडेट
एनसीसीत पॉइंट टू टू चालवली आहे. थ्री-नॉट-थ्री मात्र पोलिसांच्या खांद्यावरच पाहिली. परवा वाचलं, १९८२ च्या फॉकलंड युद्धातही ब्रिटिश स्नायपर ली-एनफिल्डच, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्याच घराण्यातली रायफल, वापरत होते. खरं का? मग पुढे एल९६ ही नवी स्नायपर रायफल आणली तेव्हा नवीन काय केलं? नळी चांगली घातली, एवढंच ना?

निवृत्त_आर्मरर
खरं आहे, फक्त गोळी ७.६२ मिमीची झाली होती. मूळ रायफल महायुद्धातली, नंबर ४ मार्क १ (टी). कारखान्यात चाचणीला ज्या रायफली घट्ट ग्रुप देत, म्हणजे गोळ्या जवळजवळ मारत, त्या वेगळ्या काढून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवत. हो, तेच शिकारी बंदुकावाले! ते डाव्या अंगाला दुर्बिणीच्या ब्रॅकेटसाठी पॅड बसवत आणि बटावर गाल टेकायला लाकडी ठोकळा. साडेतीनपट नंबर ३२ दुर्बीण मुळात ब्रेन गन या मशीनगनसाठी काढलेली. जी दुर्बीण ज्या रायफलीला जुळवली, तिचा नंबर बटाच्या मानेवर ठोकलेला असे. अदलाबदल झाली की झिरो, म्हणजे जुळवलेला नेम, गेलाच. कोत (शस्त्रागार) सांभाळलेल्या माणसाला यातली डोकेदुखी कळेल.

१९७० च्या सुमारास त्याच रायफलींना जाड नळी बसवली, पुढचं लाकूड छाटलं, झाली एल४२ए१. म्हणजे नळी तिचीही चांगलीच होती. दुखणं लाकडाचं. पावसाळ्यात दार चौकटीत आवळतं तसंच हेही दमट हवेत फुगतं, आणि रिसीव्हरची (नळी आणि बोल्ट धरणाऱ्या मधल्या भागाची) बैठक हलली की कालचा नेम आज लागत नाही. त्यात ली-एनफिल्डचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा, मागच्या बाजूला लॉक होतो. हाताला झटपट, पण बार झाला की सगळा दाब बोल्टच्या अख्ख्या लांबीवर येतो.

नेमबाज_ठाणे
काका, ब्रिटिश नेमबाज माल्कम कूपर राहिला! एल९६ त्याच्याच कंपनीची. १९८४ आणि १९८८, लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (झोपून, उभं आणि गुडघ्यावर) सुवर्ण. पोर्ट्समथच्या त्याच्या छोट्याशा अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनलने सैन्याच्या निवडीत पार्कर-हेलसारख्या मुरलेल्या बंदूक कंपनीला मागे टाकलं. आमच्या रेंजवर मात्र लोक नळीच्या ब्रँडवरून भांडतात आणि बटाचे स्क्रू ढिले ठेवून नेम धरतात.

निवृत्त_आर्मरर
त्याने लाकडाचा प्रश्नच निकालात काढला. आत सलग अ‍ॅल्युमिनियमची चॅसिस (सांगाडा), तिच्यावर रिसीव्हर स्क्रूने आवळून वर इपॉक्सीने चिकटवलेला. नळी पुढे कुठेच टेकत नाही. बाहेरचं हिरवं प्लॅस्टिक म्हणजे नुसती टरफलं. बोल्ट पुढच्या बाजूला लॉक होतो आणि हँडल ६० अंशच उचलावं लागतं, त्यामुळे डोळा दुर्बिणीवरच राहतो. पुढे स्वीडनला उणे ४० अंशांत चालेल अशी हवी होती. मग बर्फाने अडकू नये म्हणून बोल्टवर खाचा पाडल्या, हातमोजा जाईल एवढा ट्रिगर गार्ड ठेवला. ‘आर्क्टिक वॉरफेअर’ हे नाव तिथून आलं.

सातारी_कॅडेट
मग आपल्या सैन्याची द्रागुनोव्ह ही रशियन बनावटीची रायफल सेमी-ऑटोमॅटिक असताना बोल्ट ओढत कशाला बसायचं?

निवृत्त_आर्मरर
द्रागुनोव्हचं काम वेगळं. ती तुकडीबरोबर चालते, एकामागून एक पटापट मारायला. पण तिच्यात गॅसने पिस्टन मागे रेटला जातो. बोल्टवालीत गोळी बाहेर पडेपर्यंत असलं काही हलत नाही. शिवाय रिकामी पुंगळी तू ओढशील तेव्हाच बाहेर येते. उन्हात चकाकत उडाली, तर समोरच्याला तुझी जागा आयतीच कळते.