खिलार खोंडाची नोंद कुठं करायची?

प्रश्न (रायबागकडचा):
घरच्या गाईचा कोसा रंगाचा खिलार खोंड आता दोन दाती झालाय, वळू म्हणून ठेवायचाय. आईचं दूध, आज्जीची वेतं, सगळं वहीत लिहिलंय. पण माघात चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत वही दाखवली की लोक हसतात. मनाला लागतं हो. नोंद कुठं होते?

निपाणीहून:
पशू दवाखान्यात कानाला पिवळा बिल्ला मारून घ्या. त्यावरचा १२ अंकी नंबर सरकारी संगणकात चढतो. लस, रेतन, वेत सगळं त्याच नंबरावर. मात्र बिल्ला म्हणजे जातीचा दाखला नव्हे. कर्नालची जनावरांच्या वंशांची राष्ट्रीय संस्था (एनबीएजीआर) नोंदवते ती जात, एकेक जनावर नाही. म्हणून दादा, तुमची वही जपा! तीत आई-बापाचे बिल्ला नंबरही लिहा.

गोकाकहून:
वळू सोडण्याआधी ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या सांसर्गिक रोगाची) रक्ततपासणी कराच. आणि त्याच्याच कालवडींवर त्याला सोडू नका, जवळच्या रक्तानं वंश खचतो. तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात पशुपालनाच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. कन्नडची अडचण असंल तर मी सोबत येतो.

रायबागकडचा:
या अण्णा. येताना तुमचीबी वही आणा.