मदत हवी आहे: झोइट्रोपच्या तक्त्यावर 'दृष्टिसातत्य' एवढेच लिहून भागेल का?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात मुलांसोबत चलच्चित्रांच्या जुन्या खेळण्यांचे छोटे प्रदर्शन मांडतो आहोत. थॉमाट्रोप तयार आहे. चकतीच्या एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा, कडांना दोरे. पीळ देऊन सोडले की पक्षी पिंजऱ्यात दिसतो. जॉन आयर्टन पॅरिस या डॉक्टरांनी १८२५ च्या सुमारास लंडनमध्ये विकायला आणलेले खेळणे, मुलांना अजूनही तितकेच वेड लावते.

अडले आहे ते झोइट्रोपवर. पुठ्ठ्याचे नळकांडे, वरच्या भागात १२ उभ्या फटी, आत खालच्या भागात १२ चित्रांची पट्टी. केक सजवायच्या फिरत्या स्टँडवर ठेवून फिरवले आणि फटींतून पाहिले की बेडूक उड्या मारतो. तक्त्यावर आम्ही पाठ्यपुस्तकातले दृष्टिसातत्य लिहिले होते: 'चित्र डोळ्यांत क्षणभर टिकून राहते, म्हणून हालचाल दिसते.'

गटातल्या एका मुलीने नळकांड्यात वरून डोकावून विचारले, "चित्र डोळ्यांत टिकतं ना? मग वरून बघितलं तरी टिकायलाच हवं. इथून बेडूक का नाही उडत? नुसता करडा पट्टा दिसतोय."

प्रश्न इतका नेमका आहे की तो तक्ता तसाच लावायला मन तयार नाही. याचे उत्तर सातवीच्या मुलांना कळेल असे कसे लिहावे? शिवाय बेडूक खऱ्या चित्रापेक्षा बारीक आणि थोडा पुसट दिसतो, त्याला काय करावे?

भिंगरी:

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिने धरलेली खोट खरी आहे.

वरून पाहताना चित्रे न थांबता डोळ्यांपुढून सरकतात. एकाचा ठसा पुसण्याआधी पुढचे त्यावर येते आणि सगळी मिसळतात. म्हणजे तो करडा पट्टा हाच दृष्टिसातत्याचा परिणाम आहे! पक्षी-पिंजऱ्यात नेमके हे मिसळणेच हवे असते, म्हणून तिथे तुमचे वाक्य चपखल बसते. बेडकाला ते पुरत नाही.

फट डोळ्यासमोरून जाते त्या क्षणी एकच चित्र, जवळजवळ स्थिर दिसते. मग काळा पुठ्ठा आड येतो. पुढच्या फटीतून त्याच जागी किंचित बदललेला बेडूक दिसतो. या तुटक चित्रांमधली हालचाल मेंदू जोडतो. मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन जागी दोन रेषा योग्य अंतराने एकापाठोपाठ दाखवल्या, तर एकच रेष सरकल्यासारखी वाटते.

ब्रुसेल्सचा जोसेफ प्लाटो आणि व्हिएन्नाचा सिमोन श्टाम्फर यांनी १८३२ च्या अखेरीस, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फटी असलेल्या चकत्या केल्या. त्या आरशासमोर फिरवून फटींतून प्रतिबिंब पाहायचे. माझ्या मते ॲनिमेशनचा इतिहास इथून मोजावा. प्लाटोची दृष्टी पुढे पूर्ण गेली, तरी त्याने संशोधन सोडले नाही. तक्त्यावर त्याचे नाव ठळक लिहाच.

कात्री_पुठ्ठा:

पुसटपणावर उपाय: फटी तीन-चार मिलिमीटरच ठेवा. रुंद फटीतून चित्र सरकताना दिसते, म्हणून फराटे येतात. फट अरुंद केली की अंधारते, त्यासाठी दिवा वरून आत पडेल असा लावा आणि नळकांडे बाहेरून मंद काळे रंगवा, चकचकीत नको.

बेडूक बारीक दिसणारच. तुमच्या बाजूच्या फटी एका दिशेने जातात आणि समोरची चित्रे उलट दिशेने, त्यामुळे चित्र आडवे आकसते. मुलांना मुद्दाम आडवा पसरलेला, गुबगुबीत बेडूक काढायला सांगा. आणि एक पट्टी १३ चित्रांची करून बघा, फटी १२ च. बेडूक उड्या मारत पुढे सरकू लागेल. मुलांना हे स्वतः शोधू द्या, आधी सांगू नका.

पाटीपेन्सिल:

दोघांचेही मनापासून आभार. तिला आज वाचून दाखवले, तिने लगेच 'मग फटीऐवजी दिवा उघडझाप केला तर?' असे विचारले. मोबाइलवर तसे ॲप आहे. करू का?

भिंगरी:

तत्त्व बरोबर आहे, पण गर्दीत लुकलुकणारा दिवा लावू नका. अशा प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते. त्यापेक्षा भरपूर उजेडात मोबाइलच्या कॅमेऱ्याने वरून चित्रण करा, शटरचा वेळ अगदी कमी ठेवून. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेत असेल, तर नळकांडे सेकंदाला अडीच फेऱ्या फिरवा. डोळ्याला करडा पट्टा आणि पडद्यावर उडणारा बेडूक, दोन्ही एकाच वेळी दिसतील.

रॉकेल_कंदील:

उशिरा आलो. एमिल रेनो या फ्रेंच संशोधकाला विसरू नका. त्याने १८७७ मध्ये फटी काढून मधोमध आरसे बसवले, चित्र उजळ झाले. पुढे २८ ऑक्टोबर १८९२ ला पॅरिसच्या ग्रेव्हां संग्रहालयात हाताने रंगवलेल्या पट्ट्या त्याने पडद्यावर दाखवल्या, ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाच्या खेळाच्या तीन वर्षे आधी. त्याच दशकात आपल्याकडे कल्याणचे पटवर्धन काचेवरच्या रंगीत चित्रांचे 'शांबरिक खरोलिका' खेळ करत होते. तो मात्र जादूच्या कंदिलाचा, म्हणजे काचेवरचे चित्र दिव्याने पडद्यावर मोठे करून दाखवण्याचा प्रकार, झोइट्रोपचा वंशज नव्हे. तेव्हा त्यांचा तक्ता शेजारी पण वेगळा लावा.