शब्दचर्चा: ‘मीडिया कन्व्हर्टर’ला मराठीत काय म्हणावं?

हर्णैकर:
सोसायटीच्या बर्फ कारखान्यापासून धक्क्यावरच्या कचेरीपर्यंत इंटरनेटची फायबर (प्रकाश वाहून नेणारा काचेचा तंतू) टाकली. अंतर साडेतीनशे मीटर, आणि तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच धरायची, म्हणून दोन्ही टोकांना तांब्यातला संदेश प्रकाशात आणि प्रकाशातला तांब्यात बदलणारा एकेक मीडिया कन्व्हर्टर बसवलाय. आता रात्रपाळीच्या माणसांसाठी एक पानभर सूचना मराठीत लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. ‘माध्यम परिवर्तक’ लिहिलं तर वर्तमानपत्रं आणि वाहिन्या आठवतात. ‘फायबर’ म्हटलं की आमच्याकडे आधी होडी डोळ्यांपुढे येते. काय लिहू?

कुडाळवासी:
मी हीच कामं करतो. साइटवर आम्ही ‘कन्व्हर्टर’ म्हणतो, नाहीतर नुसतं ‘डबी’. नावापेक्षा मला दुसऱ्या एका शब्दाची काळजी वाटते: ‘लाइट’. आमच्या धंद्यात ‘लाइट येत नाही’ म्हणजे फायबरमधून प्रकाश पोचत नाही. फोनवर ग्राहकाला तसं सांगितलं की तो मीटरपाशी जातो. आमच्या मालवणीत सांगायचा तर, ‘लाइट गेली’ म्हटल्यार माणूस फ्यूज बघूक जाता. सूचनेत ‘प्रकाश’ आणि ‘वीज’ हे शब्द वेगळे ठेवा. डबीला दोन्ही लागतात. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, म्हणून प्रत्येक टोकाला स्वतंत्र अडॅप्टर द्यावा लागतो.
आणि वीज येत नाही हे आपल्या किनाऱ्यावर वरदानच आहे. पावसाच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला की लांबच्या तांब्याच्या केबलमधून झटका येऊन नेटवर्क स्विचचे (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीचे) पोर्ट जळतात. काचेतून तो येत नाही. केबलला पोलादी आवरण असेल तर मात्र ते अर्थिंगला जोडा.

रत्नागिरीची वाचक:
महावितरणच्या ‘रोहित्रा’सारखा (म्हणजे ट्रान्सफॉर्मर) एखादा सुटसुटीत शब्द घडवता येईल का? ‘रोहित्र’ आता बातम्यांतही रुळलाय.

कुडाळवासी:
ताई, शब्द छान आहे, पण काम निराळं. रोहित्राच्या इकडेही वीज आणि तिकडेही वीजच, फक्त दाब बदलतो. इथे एका बाजूला तांब्यातली वीज आहे, दुसऱ्या बाजूला काचेतला प्रकाश.

मोडीवाचक:
मी जुने मोडी कागद वाचून देतो, म्हणून विचारतो. ही डबी मजकूर समजून घेते का? समजून घेत असेल तर ते भाषांतर. फक्त अक्षरं बदलत असेल तर लिप्यंतर.

कुडाळवासी:
काका, नेमका प्रश्न विचारलात. साधी डबी मजकूर समजून घेत नाही. तांब्याच्या गिगाबिट केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी संदेश जातो, आणि व्होल्टेजच्या पाच पातळ्या वापरल्या जातात. फायबरवर दोनच अवस्था: प्रकाश आहे, नाहीतर नाही. तिथे दर ८ बिटांचे १० करून पाठवतात, म्हणजे लांबलचक अंधार किंवा लांबलचक उजेड राहत नाही आणि पलीकडच्या टोकाला ठेका धरता येतो. म्हणून डबी तांब्यावरच्या खुणा उलगडून मूळ बिट काढते आणि तेच फायबरच्या खुणांत पुन्हा मांडते. पाकीट, म्हणजे माहितीचा एकेक गठ्ठा, कुणाला जायचंय हे ती बघत नाही. काही डब्या मात्र पूर्ण पाकीट आत घेतात, ते शाबूत आहे का तपासतात आणि मगच पुढे पाठवतात. त्या खरं तर दोन पोर्टचे छोटे स्विच.

मोडीवाचक:
मग हे मोडीतून बाळबोधीत उतरवण्यासारखंच. एक फरक आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे उतरवणाऱ्याला अंदाज करावा लागतो. डबीला अंदाज करून चालणार नाही.
शब्द म्हणून मी ‘माध्यमांतरक’ सुचवतो. देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तसं माध्यमांतर म्हणजे दुसरं माध्यम. ‘परिवर्तक’मध्ये मूळ वस्तूच पालटल्याचा भास होतो. इथे मजकूर तोच राहतो, फक्त वाट बदलते.

रत्नागिरीची वाचक:
‘माध्यमांतर’ हा शब्द कादंबरीचं नाटक किंवा चित्रपट होतो तेव्हा वापरतात, आणि त्यात मजकूर पुष्कळ बदलतो. तरी मला शब्द पटला. वर्तमानपत्रांची आठवण त्याने होत नाही. रात्रपाळीच्या माणसासाठी मात्र तो जड आहे. मथळ्यात ‘माध्यमांतरक’ आणि खाली सगळीकडे ‘डबी’ असं करावं. जो शब्द तोंडात आहे तोच अंधारात बॅटरी धरून वाचताना उपयोगी पडतो.

हर्णैकर:
पटलं. आता एकच शंका. आमची फायबर एका तंतूची आहे. दुकानदाराने डब्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हटलं. ‘अ’ आणि ‘ब’ लिहू?

कुडाळवासी:
दोघींत फरक का, ते आधी लिहा. एकाच तंतूतून जाणं-येणं करायचं, म्हणून एक डबी १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाठवते आणि १५५० चा घेते. दुसरी बरोबर उलट. दोन ‘ए’ समोरासमोर लावल्या तर दोघी एकाच रंगात बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. म्हणून त्यांना ‘जोडी’ म्हणा, आणि कपाटात सुटी डबी ठेवायची तर दोन्ही प्रकारची ठेवा. आणखी एक ओळ घाला: फायबर तुटली तरी काही डब्यांचा तांब्याकडचा दिवा जळतच राहतो, म्हणून फायबरचा दिवा वेगळा बघायचा. आणि फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, हे ठळक अक्षरांत. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

मोडीवाचक:
‘अ’ आणि ‘ब’पेक्षा जागेचं नाव लिहा. ‘धक्क्याची डबी’, ‘कारखान्याची डबी’. बदलताना चुकणार नाही.

हर्णैकर:
तसंच करतो. कागदी लेबल खाऱ्या वाऱ्यात एक पावसाळाही टिकत नाही, म्हणून होड्यांवर नंबर घालणाऱ्याकडून दोन्ही डब्यांवर ऑइल पेंटने नावं लिहून घेईन.