जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस बाळाचं काय नॉर्मल आणि काय नाही?

पहिलटकर_बाबा:
पुढच्या महिन्यात बायकोची तारीख आहे. डिलिव्हरीबद्दल सगळे बोलतात, पण बाळ हातात आल्यावर ते कसं दिसेल आणि कशासाठी नर्सला हाक मारायची, हे कुणी नीट सांगत नाही. जाणकारांनी सांगावं.

रातराणी:
आधी जाहिरातीतलं गुबगुबीत बाळ विसरा, ते तीन-चार महिन्यांचं असतं. नुकतं जन्मलेलं बाळ ओलं, सुरकुतलेलं, अंगाला साय फासल्यासारखा पांढरा चिकट थर. तो घासून काढू नका. त्वचेला जपतो आणि आपोआप जिरतो. अंघोळही निदान २४ तास नको, अंग चटकन गार पडतं.

डोकं लांबुळकं दिसेल. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, बाहेर येताना एकमेकांवर सरकतात. काही दिवसांत गोल होतं. दाबून आकार द्यायला जाऊ नका. टाळू उडताना दिसते, तेही ठीक.

तळहात-तळपाय पहिल्या दिवशी निळसर असतात. म्हणूनच पहिल्या मिनिटाच्या अपगार गुणांत (जन्मताच रंग, श्वास, ठोके वगैरे बघून डॉक्टर देतात ते) १० पैकी १० क्वचित मिळतात, ७ किंवा जास्त असले की झालं. ओठ किंवा जीभ निळी दिसली तर मात्र तत्क्षणी हाक मारा.

श्वास मिनिटाला ४० ते ६०. मध्येच पाच-दहा सेकंद थांबतो, मग भराभर चालतो. त्यामुळे १५ सेकंद मोजून चारने गुणलं की हमखास चुकतं. झोपलेल्या बाळाच्या पोटाकडे बघून पूर्ण मिनिट मोजा.

दुधावरची_साय:
पहिला तास-दीड तास बाळ टक्क जागं असतं, ती वेळ वाया घालवू नका. कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण, आणि तिथेच पहिलं पाजणं. नंतर ते गाढ झोपतं आणि उठवणं अवघड जातं.

चीक एका वेळी चहाचा चमचाभरच येतो. ‘दूधच येत नाही’ म्हणून घाईने वरचं सुरू करतात, ते बहुतेकदा याच गैरसमजातून. तेवढाच पुरतो, पण २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायला हवं. वजन आधी उतरतं: ३ किलोच्या बाळाचं २०० ग्रॅम कमी झालं तर चालतं, ३०० ला पोचलं तर पाजणं तपासून घ्यायचं. दोन आठवड्यांत भरून येतं.

खरा हिशोब लंगोटात. पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट, बहुधा २४ तासांत होते. मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. शू पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, पाचव्यानंतर सहा किंवा जास्त. लंगोटावर विटकरी डाग दिसला तर ते रक्त नव्हे, लघवीतले क्षार असतात. पण चौथ्या दिवसानंतरही दिसला तर दूध कमी पडतंय. मुलींना रक्ताचा थेंबही जाऊ शकतो, आईच्या हार्मोन्समुळे.

पहिलटकर_बाबा:
कावीळ सगळ्यांनाच होते म्हणतात ना?

कोरा_कागद:
पुष्कळांना होते, पण *कधी* होते ते बघा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापासून सुरू झाली तर सहसा साधी. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर लगेच तपासणी. दिवसाच्या उजेडात कपाळ बोटाने दाबून सोडा, दाबलेल्या जागी रंग कळतो. सावळ्या बाळाच्या हिरड्या बघा. कोवळं ऊन हा उपचार नाही, त्यात वेळ जातो.

बाकी शिंका, उचक्या, दचकून दोन्ही हात फैलावणं, नाकावर पांढरे ठिपके: काही करू नका.

आणि हाक मारायची ती यासाठी: दर श्वासाला कण्हणं, बरगड्यांखाली खड्डा पडणं, श्वास ६० च्या वरच राहणं, पाजायला उठवूनही न उठणं, हिरवी उलटी, ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा छाती-पोट हाताला गार लागणं. रात्रीचे तीन वाजले असले तरी.