बटरऐवजी खोबरेल

कुकीजमध्ये बटरऐवजी तेवढंच खोबरेल आणि अंड्याऐवजी जवसाची पूड घाला, असं एकानं सुचवलंय. खोबरेल तेवढंच नको. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी. खोबरेल म्हणजे निव्वळ तेल. १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम खोबरेल आणि मोठा चमचाभर सोया दूध पुरतं, नाहीतर कुकीज हाताला तेलकट लागतात. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, मुंबईच्या उन्हाळ्यात तर बाटलीत पातळच असतं. त्यामुळे गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये घट्ट करून मगच ओव्हनमध्ये सरकवा, म्हणजे ट्रेभर पसरून एकमेकांना चिकटणार नाहीत.

जवसाच्या पुडीबद्दल सहमत, फक्त ती अगदी बारीक हवी. आणि खोबरेल रिफाइंड घ्या. घाण्यावरच्या तेलाचा वास मला आवडतो, पण आमच्याकडे मुलांना लगेच डोक्याला लावायचं तेल आठवतं!