सुतळीचा ट्रायपॉड

ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, नसताना फोटो हलू नये म्हणून 'कोपरं अंगाशी घ्या आणि श्वास रोखून धरा' असा सल्ला देतात, तो मला अर्धाच पटला. कोपरांबद्दल दुमत नाही. पण श्वास कोंडून बराच वेळ नेम धरत बसलं की हात उलट जास्त थरथरतो. अर्धा श्वास सोडावा, तिथेच क्षणभर थांबावं आणि बोट बटणावर टेकलेलंच ठेवून हलकेच दाबावं. टचकन टोचलं की कॅमेरा खाली झुकलाच.

अजिंठ्यासारख्या अंधाऱ्या लेण्यांत काय करायचं, असाही प्रश्न येतो. तिथे फ्लॅशला बंदी आणि ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते. अशा वेळी सुतळी कामाला येते. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडसाठी जे भोक असतं ते पाव इंची, इंचाला २० आट्यांचं. हार्डवेअरच्या दुकानातून तसला आखूड बोल्ट आणायचा, त्याला उंचीपेक्षा थोडी लांब सुतळी बांधायची. बोल्ट हातानेच फिरवा, पान्याने पिळू नका, आतली आटी जाते. सुतळीचं दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. वर-खाली होणारी हालचाल बऱ्यापैकी आटोक्यात येते, आजूबाजूची मात्र राहते. त्यासाठी दोरी दुहेरी करून दोन्ही पायांखाली घेतली तर बरं. दिसायला ध्यान दिसतं, लोक बघतात. बघू देत! आणि एकाऐवजी लागोपाठ तीन फोटो काढा, मधला बहुधा पहिल्यापेक्षा स्पष्ट येतो.